वडखळला जळलेली बॅग आणि पुढचे साडेपाच महिने

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. २ नोव्हेंबर, पाडव्याची सकाळ. आईला मागे बसवून मुंबईहून बाइकने दापोलीला, मामाच्या गावी निघाले होते. वडखळच्या अलीकडे प्लास्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. पुढे मालाने भरलेला ट्रक होता, त्याचे ब्रेक तापले असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. मागे बसलेल्या आईलाही वास आला होता, पण तिने तो आसपासच्या कारखान्यांच्या नावावर खपवला. शेवटी एका रिक्षावाल्याने बाजूला येऊन ओरडून सांगितलं, "ताई, धूर निघतोय धूर!"

थांबून बघते तर कॅरिअरवर बंजीने (आकड्यांच्या रबरी दोरीने) बांधलेली कापडी बॅग उजवीकडे सरकून थेट सायलेन्सरवर टेकलेली. बॅगेला बशीएवढं भोक. आत मामीसाठी घेतलेली साडी होती, घडी घातलेली. उलगडली तर एकाच मापाची भोकं ओळीने सात ठिकाणी. चिवडा स्टीलच्या डब्यात होता म्हणून वाचला. पण त्याहून वाईट गोष्ट नंतर पाणी पिताना दिसली. एका बंजीचा आकडा सुटून मागच्या चाकाच्या तारांपासून जेमतेम चार बोटांवर लोंबत होता. तो चाकात अडकला असता तर हे लिहायला मी नसते, निदान या सुरात तरी लिहीत नसते.

आई गावात कोणाला काही बोलली नाही. परत येताना पेणला चहा पिताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी एसटीने जाऊ."

ते लागलं. मुंबईत परतल्यावर मी बाइकला नीट सामान लावायची सोय करायचं ठरवलं. पंधरा दिवसांचं काम वाटलं होतं. एप्रिल उजाडला. मध्ये कुठे कुठे अडकले ते सगळं लिहून ठेवते, कारण मला शोधताना जे सापडलं ते बहुतेक लेह-लडाखला एकट्याने जाणाऱ्या सहा फुटी मुलांनी लिहिलेलं होतं. मी पाच फूट दोन इंच, बँकेत नोकरी, राहते विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, आणि माझ्या मागे बासष्ट वर्षांची आई बसते.

बाइक रॉयल एनफिल्ड हिमालयन, जुनी ४११ सीसीची, २०१८ ची. २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली. घेण्याचं कारण सीटची उंची, ८०० मिलिमीटर. माझे चवडे टेकतात. मागे कंपनीचा छोटा कॅरिअर आहे आणि सायलेन्सर उजव्या बाजूने वर उचललेला आहे. पाण्यातून जायला तो चांगला, सामानाला वैरी.

आधी काटा

डिसेंबरमध्ये मी काहीही विकत न घेता फक्त वजन केलं. भंगारवाल्याकडे असतो तसला लटकवायचा काटा, त्याचाच डिजिटल अवतार ३५० रुपयांना मिळाला, तो आणला. दिवाळीला नेलं होतं तेवढंच सामान पुन्हा पलंगावर मांडलं. दोघींचे कपडे ७ किलो, दोन रेनकोट अडीच किलो, पाने आणि पंक्चरचं सामान ३ किलो, पाणी २ किलो, आईची औषधं आणि शेकायची पिशवी दीड किलो. आणि "गावी न्यायचं" या सदरात ९ किलो. त्यात दोन किलो साखर होती. दापोलीत साखर मिळत नाही असं आईचं ठाम मत आहे.

एकूण २५ किलो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकूण किती वजन चालेल ते दिलेलं असतं. त्यातून गाडीचं आणि आम्हा दोघींचं वजन वजा केल्यावर उरतं ते सामानाचं, आणि डबे, स्टे (बॅगा टेकायची लोखंडी चौकट), प्लेट यांचं वजनही त्यातच मोडतं. हे गणित आधी करा. मी केलं म्हणून ॲल्युमिनियमच्या पेट्यांचा मोह वेळेत सुटला, कारण रिकाम्या पेट्याच बरंच वजन खातात.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन कुठे बसतं. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे आणि उंचावर जड वस्तू ठेवली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल पोहायला लागतं. म्हणून जड सामान खाली आणि जमेल तेवढं पुढे, म्हणजे बाजूच्या बॅगांमध्ये पायांजवळ. वरच्या डब्यात कपडे, रेनकोट असलं फुसकं सामान. वाचताना मान डोलावली होती. पटलं ते मार्चमध्ये.

नियमांची धास्ती

मग कोणीतरी घाबरवलं. "बाइकला काही लावलंस तर पाच हजार दंड, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे." निकाल आहे, जानेवारी २०१९ चा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल वाहनात करायचा नाही, आणि कोर्टाने तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली, हेही खरं.

पण बाइकवरच्या डब्याबद्दल केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये वेगळा नियम केला आहे. हलका डबा चालतो. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५०० पेक्षा जास्त नको. तो मागच्या माणसाच्या सीटवरच लावला तर गाडीवर फक्त चालवणारा बसू शकतो. सीटच्या मागे लावला तर मागे माणूस चालतो. हे वाचल्यावर मी टेप घेऊन दुकानात जायला लागले. दुकानदार लिटर सांगतात, मी मिलिमीटर विचारायचे. त्यांना ते आवडत नसे.

कुर्ला, ११ जानेवारी

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत. गेले. पहिल्या दुकानात विचारलं, "मिस्टरांच्या गाडीला का?" दुसऱ्यात, "भावाच्या?" तिसऱ्या दुकानात जाताना मी हेल्मेट हातात न धरता डोक्यावरच ठेवलं, आणि थेट भाव कळला. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या, स्टेसकट, २८,००० रुपये. दिसायला फारच देखण्या. त्याने एक उघडून दाखवली, झाकण बंद करताना जो 'धप्प' आवाज येतो ना, त्या आवाजाचेच दहा हजार असावेत.

मी का घेतल्या नाहीत ते सांगते. वजन झालंच. दुसरं, रुंदी. हिमालयनची हँडलपाशी रुंदी ८४० मिलिमीटर. त्या पेट्या लावल्यावर मागची रुंदी त्याहून बरीच जास्त होत होती. एलबीएस मार्गावर किंवा गांधीनगरच्या सिग्नलला आपण हँडल जिथून जाईल तिथून गाडी काढतो. पुढचा भाग गेला म्हणजे मागचा जाईलच, हा हिशेब पेट्या लावल्या की चुकतो. तिसरं, माझे पाय पूर्ण टेकत नाहीत. वाळूत किंवा उतारावर मला पाय मारत गाडी सावरावी लागते. तशा वेळी पाय मागे जाऊन पिंढरी कडक पेटीखाली सापडू शकते. मऊ बॅग लागते तेवढीच.

म्हणून ठरलं असं: बाजूला दोन मऊ सॅडलबॅगा, त्यांना टेकायला लोखंडी सॅडल स्टे, आणि मागे कॅरिअरवर प्लेट लावून ४२ लिटरचा प्लास्टिकचा टॉप बॉक्स. त्याच्या पुढच्या अंगाला आईच्या पाठीसाठी गादी. आईला बाकी कशातच रस नव्हता, गादी ऐकल्यावर तिने चष्मा काढून मोबाइल जवळ धरला.

बॉक्स (५,६०० रुपये) आणि गादी (६५०) कुर्ल्यातूनच घेतली. झाकणाच्या आत सगळीकडून रबराची पट्टी आहे का, कुलपाची जादा किल्ली मिळते का आणि आत किती किलो चालतील ते तळाला लिहिलंय का, एवढं बघून घ्या. माझ्या डब्यावर ५ किलो लिहिलंय. दुकानदार म्हणाला, "पंधरा घाला, काही होत नाही."

वाट पाहणं

सॅडल स्टे (४,८००), वरची प्लेट (२,३००) आणि बॅगा (८,२००) मी १३ जानेवारीला ऑनलाइन मागवल्या. सात ते दहा दिवस म्हणाले. बॅगा आठव्या दिवशी आल्या. स्टे आणि प्लेट ५ फेब्रुवारीला आली, तेविसाव्या दिवशी, आणि मधल्या काळात माझा नि त्यांच्या ग्राहकसेवेतल्या मुलीचा एवढा परिचय झाला की तिने मला प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा दिल्या.

शनिवारी खोकं उघडलं. स्टे बरोबर. प्लेट बसेचना. चारपैकी दोनच भोकं जुळत होती. बराच वेळ मला वाटत राहिलं की मीच उलटी धरलीय. मग लक्षात आलं. कंपनीने २०२१ मध्ये हिमालयनचा मागचा कॅरिअर बदलला. आलेली प्लेट नव्या कॅरिअरची होती. ऑर्डर देताना मी "हिमालयन ४११" एवढंच निवडलं होतं, सालाचा रकाना तिथे होता पण सक्तीचा नव्हता. चूक अर्धी माझी. त्यांनी बदलून द्यायचं कबूल केलं, परत पाठवायचा कुरिअर माझा, ३४० रुपये. खोकं फाडलं असतं तर तेही झालं नसतं. तेव्हा खोकं सावकाश उघडा, उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि मागवताना गाडीचं साल ओरडून सांगा. बदललेली प्लेट २४ फेब्रुवारीला आली.

नागदेवी

स्टेबरोबर आलेले नटबोल्ट बघून आमच्या भांडुपच्या मिस्त्रींनी एकच शब्द उच्चारला, "पत्रा." २२ फेब्रुवारीला, चौथ्या शनिवारी, मी त्यांच्याकडून यादी घेऊन मशीद स्टेशनला उतरले आणि नागदेवी स्ट्रीट गाठली. ट्रेननेच जा. दुचाकीला जेजे उड्डाणपूल बंद आहे आणि खालच्या गर्दीत हातगाड्यांना वाट देता देताच माणूस दमतो.

नागदेवीला बोल्ट विकत घेणं म्हणजे किराणा भरण्यासारखं आहे. आकडा सांगायचा, लांबी सांगायची, तो बरणीतून काढून देतो. मी स्टेनलेस स्टीलचे मागितले, गंजणार नाहीत म्हणून. दुकानातल्या काकांनी विचारलं, "शोसाठी पाहिजे का वजनासाठी?" मग त्यांनी काळपट बोल्टच्या डोक्यावरचा '८.८' आकडा दाखवला. हा हाय टेन्साइल, साध्या स्टेनलेसपेक्षा जास्त ताण सोसतो. गंजेल, पण तुटण्याआधी दिसेल तरी. एम ८ चे (म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे) दहा बोल्ट, नायलॉनवाले नट, जाड वायसर, स्प्रिंग वायसर, सगळं मिळून ३१०. सोबत आटे सुटू नयेत म्हणून लावायचं निळं लॉकटाइट, १८० रुपये. निळंच घ्या. लाल लावलं तर पुढे खोलताना मिस्त्री तुमच्या नावाने खडे फोडतील.

२ मार्च, रविवार

नऊला सुरुवात केली, अडीचला संपलं. कंपनीचा एक जुना बोल्ट गंजून बसला होता. त्याला आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं असतं तर निघाला असता. आम्ही सोडलं नव्हतं. तो निघताना आतले आटे घेऊन निघाला. मिस्त्रींनी टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे पुन्हा पाडले, त्यात पाऊण तास गेला. मजुरी १,२००, आट्यांचे ३०० वेगळे.

बघण्यासारखी त्यांची पद्धत होती. आधी सगळे बोल्ट हाताने अर्धेच लावले. एकही आवळला नाही. मी म्हटलं, काका, एक बाजू घट्ट करून टाकू का? म्हणाले, "ताई, एक बाजू आवळली की दुसऱ्या बाजूचं भोक सरकतं, मग आपण पारेने वाकवत बसतो. आणि वाकवून बसवलेलं लोखंड खड्ड्यात तुटतं." सगळीकडे बोल्ट शिरल्यावर मग आळीपाळीने थोडं थोडं आवळलं.

सायलेन्सरच्या बाजूला स्टे आणि सायलेन्सर यांच्यात किती जागा राहते ते बॅग भरून बघा, रिकामी लावून नाही. रिकामी बॅग छान ताठ उभी होती. पाच किलो तांदूळ घातल्यावर तिचं पोट सुटलं आणि ती तीन बोटांवर आली. पट्टे वर ओढून, खालचा पट्टा मागे बांधून सहा बोटांवर नेली. वडखळचा वास अजून नाकात होता, त्यामुळे मी इंजिन वीस मिनिटं चालू ठेवून बॅगेला हात लावत बसले.

बॅगा चढल्यावर मागून तिरकं बघितलं तर इंडिकेटर अर्धे झाकले जात होते. त्यांना बाहेर काढायच्या दोन पट्ट्या, २५० रुपये. हे घरी आल्यावर कळलं असतं तर पुन्हा एक रविवार गेला असता.

नंबरप्लेट, विमा आणि सोसायटी

माझी गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे महाराष्ट्रात तिला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट सक्तीची. मुदत तेव्हा ३१ मार्च होती (नंतर ती वाढत गेली). आरटीओचा कोड, चासी नंबर, इंजिन नंबर टाकून ऑनलाइन पैसे भरायचे, दुचाकीला तेव्हा जीएसटी धरून ५३१ रुपये, आणि तारीख घेऊन ठरलेल्या केंद्रावर जायचं. जानेवारीअखेर बुकिंग केलं तेव्हा ८ मार्चची तारीख मिळाली. वैतागले होते, पण तो उशीर पथ्यावर पडला. ही प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने बसवतात, पुन्हा खोलायची तर लॉक तोडावं लागतं. स्टे बसवताना माझी जुनी प्लेट दोनदा काढावी लागली होती. नवी आधी बसवली असती तर गोची झाली असती. तर क्रम लक्षात ठेवा: आधी स्टे, मग एचएसआरपी. केंद्रावरच्या मुलाने डबा बघून खाली वाकून नंबर पूर्ण दिसतो का ते तपासलं आणि दहा मिनिटांत मोकळं केलं.

विम्याचं बहुतेक जण करतच नाहीत. पॉलिसीत नोंद नसेल तर अपघातात डबा-स्टेचे पैसे मिळत नाहीत. १० मार्चला बिलं जोडून मेल केला. उत्तर नाही. १४ ला फोन, "मेल करा." केलाय म्हटलं, तर "पुन्हा करा." २१ ला एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत नोंद झाल्याचं पत्र आलं. स्टे, प्लेट आणि बॉक्स मिळून १२,७०० ची नोंद, जादा हप्ता २५४ रुपये. मऊ बॅगा गाडीला कायमच्या बसवलेल्या नाहीत म्हणून धरल्या नाहीत. फोनवरच्या माणसाने जाता जाता कामाची गोष्ट सांगितली: नूतनीकरणाच्या वेळी हेच सांगितलं असतं तर एका खिडकीत झालं असतं.

सोसायटीचं मला ध्यानातच नव्हतं. आमच्या इमारतीखाली दुचाक्या खेटून लागतात. स्टे बसवल्यावर दोन दिवसांनी सेक्रेटरी काका दारात. "तुझ्या गाडीला कान फुटलेत म्हणे?" शेजारच्या स्कूटरवाल्याची तक्रार होती. आम्ही टेप घेऊन खाली उतरलो. नुसत्या स्टेची रुंदी ६२ सेंटिमीटर, हँडलपेक्षा कमी. बॅगा लावल्यावर ९२. "बॅगा वर नेईन," म्हटल्यावर काका खूश. तशाही त्या खाली ठेवायच्या नसतातच. रात्री मांजर झोपतं, आणि सकाळी कधी कधी बॅगच नसते.

तांदळाच्या पिशव्या

१६ मार्चला पहिली चाचणी. आईच्या जागी कोणी नाही, पण सामान खरं: बाजूला प्रत्येकी सहा किलो तांदूळ, आणि वरच्या डब्यात मुद्दाम नऊ किलो. दुकानदाराचा सल्ला तपासायचा होता. ठाण्यापर्यंत पूर्व द्रुतगती मार्गाने काहीच वाटलं नाही. भिवंडी बायपासला सत्तरच्या आसपास एका कंटेनरच्या मागून बाहेर आले, वारा लागला आणि हँडल सावकाश डावीकडे-उजवीकडे डोलायला लागलं. तीनचार वेळाच. पण हाताचे तळवे ओले झाले. ब्रेक मारला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला, वेग साठच्या खाली आला आणि ते थांबलं.

शहापूरच्या अलीकडे एका वडापावच्या गाडीशेजारी डबा उघडून पाच किलो तांदूळ काढले आणि टाकीवर बांधले. येताना पुन्हा ऐंशीपर्यंत गेले. हँडल गप्प.

दुसऱ्या रविवारी मिस्त्रींनी सी-पान्याने मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवला, मी टायरमध्ये मॅन्युअलमध्ये डबलसीटला दिलेली हवा भरली. पहिल्या चाचणीनंतर साठेक किलोमीटरवर सगळे बोल्ट पुन्हा तपासले होते, दोन पाव पाव फेरा फिरले. दुसऱ्या चाचणीनंतर एकही हलला नाही. आता मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून स्टेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. मिस्त्री पांढरा पेंट लावतात, माझ्याकडे लालच होतं.

चढणं-उतरणं

याबद्दल मला कुठेच काही सापडलं नव्हतं. मागे डबा आणि बाजूला बॅगा लागल्या की पाय मागून फिरवून बसता येत नाही. मी डाव्या फूटरेस्टवर उभी राहून पाय सीटवरून पुढच्या बाजूने नेते. साइड स्टँडवर गाडी असताना हे करायचं तर खालची जमीन कडक हवी.

आईचं काय? गुडघे दुखतात, सलवार-कमीज, आणि तिला बसायची जागा म्हणजे मी आणि डबा यांच्यामधली फट. आम्ही सलग चार संध्याकाळी इमारतीखाली सराव केला. पहिल्या दिवशी तिने पाय डब्यावरच आपटला. दुसऱ्या दिवशी बसली पण उतरेना, "राहू दे, अशीच बसते." तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून लाकडी स्टूल खाली पाठवलं. स्टुलावर उजवा पाय, डावा फूटरेस्टवर, हात माझ्या खांद्यांवर, मग उजवा गुडघा वाकवून फटीतून पलीकडे. चौथ्या दिवशी स्टुलाशिवाय, फूटपाथच्या कडेवरून. बघायला सहा-सात मुलं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने मागच्या गादीला पाठ टेकवली आणि म्हणाली, "चल, एक चक्कर मार." कन्नमवार नगरातून फिरून आलो. सगळ्या खर्चात ६५० ची गादी सगळ्यात वसूल.

खर्चाचं विचाराल तर काट्यापासून विम्यापर्यंत धरून २४,७३४ रुपये. एचएसआरपी त्यात नाही, ती तशीही लावायचीच होती.

१८ एप्रिल

गुड फ्रायडेची सुट्टी धरून निघालो. पहाटे पाच, वाशीच्या पुलावरून पनवेल, पळस्पे, मग गोव्याचा महामार्ग. वडखळला मी उगाच थांबले, उजवी बॅग चाचपली. गार. कोलाडला बोल्टच्या रेघा बघितल्या, पोलादपूरला पुन्हा. कशेडीला बोगद्याऐवजी मुद्दाम जुन्या घाटाने गेलो. वळणांवर गाडी थोडी सावकाश कलते, ब्रेक नेहमीपेक्षा आधी लावावे लागतात, एवढाच फरक. खेडवरून दापोलीकडे वळलो तेव्हा आई मागे झोपली होती. तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टकटक आपटत होतं. गादीमुळे ही नवी अडचण झाली आहे, तिला मधून मधून हाक मारावी लागते.

मामाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. डब्याचं झाकण उघडून बंद केलं, बॅगेच्या खोलीचा अंदाज घेतला, आणि घरात जाऊन मामीला म्हणाला, "अगं, बरंच मावेल."

रविवारी सकाळी खळ्यात मांडलेलं बघून मी काटा काढला. कुळथाचं पीठ दोन किलो, आमसुलं दीड, तांदूळ पाच, दोन डझन आंबे, नारळ दहा, आणि एक फणस. फणसच एकटा अकरा किलो चारशे ग्रॅम. मी सगळ्यांना पुढचं चाक, मागचा आस, भिवंडी बायपास हे समजावून सांगितलं. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण बांधायला बंजी असतील ना तुझ्याकडे?"

नारळांपैकी सहा तिथेच राहिले. तांदूळ दोन्ही बॅगांत तळाला वाटून घातले, आंबे वर. साखर न्यायची नाही हे जातानाच ठरलं होतं, त्यामुळे आई आधीच गप्प होती. फणस वाडीतल्या एकाबरोबर रविवारी रात्रीच्या एसटीने पाठवला. आम्ही वाटेत माणगावला एका नात्यातल्या घरी मुक्काम केला. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून दुपारी घरी पोचलो, तर तो फणस दाराशी, काकूंच्या स्टुलावर ठेवलेला होता.